उत्तर बरोबर, पण कुणाच्या मते?

बेरीज करून झाल्यावर ती बरोबर आली की चुकली हे कळायला मूल कुठे बघतं, एवढं एक पाहिलं तरी त्या वर्गातल्या गणिताची तब्येत कळते. बहुतेक वर्गांत ते बाईंच्या चेहऱ्याकडे बघतं. भुवई जरा वर गेली की उत्तर बदलतं. ‘नक्की?’ असं विचारलं तर बरोबर लिहिलेलंही खोडतं. खरं म्हणजे खरंखोटं ठरवायला बाहेरचा माणूस ज्याला सगळ्यांत कमी लागतो, असा प्राथमिक शाळेतला विषय गणितच. शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक कधी झाला हे कुणीतरी सांगावंच लागतं; सात नि आठ पंधरा होतात हे सहा वर्षांचं पोर चिंचोके मांडून स्वतः ठरवू शकतं. आणि याच विषयात आपली मुलं दुसऱ्याच्या तोंडाकडे सर्वांत जास्त बघतात.

हा निवाडा मुलाच्या हाती कसा द्यायचा, गणितात त्याला कर्तेपण कसं मिळायचं, यावर गेली चाळीसेक वर्षं जगभर खूप काम झालं आहे. त्यात पुन्हापुन्हा पुढे येणारा उपाय म्हणजे वर्गातली चर्चा. उदाहरण द्यायचं, मुलांना आपापल्या रीतीने सोडवू द्यायचं, मग ‘तू कसं केलंस?’ आणि ‘तुला हिचं पटलं का?’ हे दोन प्रश्न धरून वर्गाला बोलतं करायचं. उत्तर कोणाचं बरोबर, हे बाईंनी सांगायची घाई करायची नाही. वर्गात पंचवीस मुलं आणि सगळ्यांच्या घरी एकच भाषा असली, तर हे जमतंही. भिवंडीसारख्या गावात त्याचं काय होतं, हा खरा प्रश्न. बाहेरचं संशोधन आणि इथली जमीन एकत्र ठेवून पाहिल्याशिवाय त्याला हात घालता येत नाही.

शहर यंत्रमागाचं. मूळचे कोकणी मुसलमान आणि आगरी-कोळी, तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, उत्तर प्रदेश-बिहारमधून पिढ्यान् पिढ्या येत राहिलेले कामगार. महापालिकेच्या शाळाही तशाच: मराठी नि उर्दूच्या जोडीला हिंदी आणि तेलुगू माध्यमांच्या. उर्दू शाळेतल्या बऱ्याच मुलांच्या घरी भोजपुरी किंवा अवधीच्या वळणाची बोली चालते. तेलुगू शाळेतलं पोर गल्लीत हिंदीच बोलतं. शहर सोडून माणकोली, राहनाळ, पूर्णा या पट्ट्यात गेलं की गोदामांची रांग लागते, आणि तालुक्याच्या आतल्या भागात वीटभट्ट्या. भट्टीवर येणारी कातकरी कुटुंबं दिवाळीनंतर येतात आणि पावसाच्या तोंडावर परततात, म्हणजे शाळेच्या वर्षाचा मोठा भाग त्यांची मुलं आपल्या गावच्या शाळेत नसतातच. जुन्या ठाणे जिल्ह्यात विधायक संसद या संस्थेने अशा मुलांसाठी भट्टीवरच्या झोपड्यांपाशी ‘भोंगा शाळा’ चालवल्या, त्या याच कारणाने.

या सगळ्या घरांत हिशोब मात्र रोजचा. यंत्रमागावरची मजुरी मीटरवर, भट्टीवरची हजार विटांवर. ताका किती मीटरचा निघाला, पाळीत लाइट किती वेळ गेली, पंधरवड्याला हातात किती येणार, उचल किती फिटली, हे बोलणं मुलांच्या कानांवर पडतच असतं. त्यात भिवंडीची भिशी. इतर ठिकाणी भिशी म्हणजे पैशांचा फेर. इथे ती खानावळ. एकट्या राहणाऱ्या कामगारांना महिन्याच्या ठरलेल्या पैशांत दोन वेळा जेवू घालणारी, बहुतेक वेळा घरातल्या बाईनेच चालवलेली. महिनाअखेर खाडे मोजायचे, पैसे कापायचे, आणि त्यावरून वाद घालायचे, हे सगळं पोरांच्या डोळ्यांदेखत.

घरातलं हे गणित शाळेत का येत नाही, यावर सर्वांत गाजलेला अभ्यास ब्राझीलमधला. रेसिफे शहरात तेरेझिन्हा कॅराहर, डेव्हिड कॅराहर आणि अ‍ॅनालुसिया श्लीमन यांनी रस्त्यावर माल विकणाऱ्या पाच मुलांना गिऱ्हाईक बनून हिशोब विचारले. 1985 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला. बारा वर्षांच्या नारळवाल्या मुलाला विचारलं, एक नारळ 35 क्रुझेरोला, दहाचे किती? तो म्हणाला, तीनचे 105, आणखी तीनचे मिळून 210, अजून चार हवेत, म्हणजे 315, आणि 350. दहाने गुणायला पुढे शून्य लिहायचं ही शाळेतली युक्ती त्याने वापरलीच नाही. तीन नारळांचा भाव त्याला तोंडपाठ होता, त्यावर त्याने इमारत चढवली. बाजारात या मुलांची 98 टक्के उत्तरं बरोबर आली. तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत मांडून दिली तेव्हा 37 टक्के.

आपल्याकडे मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अरिंदम बोस यांनी के. सुब्रमण्यम यांच्याबरोबर धारावीतल्या पालिका शाळांमधली उर्दू आणि इंग्रजी माध्यमाची मुलं अभ्यासली. भिवंडीच्या शिक्षकाने हे काम आवर्जून वाचावं, कारण ते गोड गोड बोलत नाही. छोट्या कारखान्यांत हात लावणाऱ्या मुलांकडे मापांचं, पैशांचं, वाटणीचं ज्ञान असतं, पण ते तुकड्यातुकड्यांत. जो पोरगा माल घेऊन जातो, पैसे मोजून आणतो, त्याला बरंच कळतं. दिवसभर खडे चिकटवणाऱ्या पोराच्या वाट्याला गणित फारसं येत नाही. कष्टाच्या घरातलं मूल म्हणजे जन्मजात हिशोबनीस, ही आपली एक भाबडी समजूत आहे. कांडी भरणारा आणि ताके मोजून गाडीत चढवणारा, दोघांचं गणित एक नसतं.

2025 साली ‘नेचर’मध्ये आलेल्या, अभिजित बॅनर्जी आणि एस्थर डुफ्लो ज्यात होते त्या अभ्यासाने रेसिफेचीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दाखवली. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणारी मुलं गुंतागुंतीचे व्यवहार तोंडी चोख करतात आणि शाळेच्या पद्धतीच्या साध्या भागाकाराला अडतात. उलट शाळेत जाणारी, बाजार न पाहिलेली मुलं पुस्तकातलं करतात आणि व्यवहारात अडकतात. भिंत दोन्ही बाजूंनी आहे. शाळेने घरचं गणित दाराबाहेर ठेवलं, आणि घरानेही शाळेचं गणित परीक्षेपुरतंच धरलं.

या भिंतीला दार पाडायचं तर ते बोलण्यातूनच पडेल, असं माझं मत आहे. नुसतं ‘व्यवहारातलं उदाहरण’ दिल्याने ते होत नाही. पाठ्यपुस्तकात व्यवहारातली उदाहरणं काही कमी नसतात, फक्त त्यांत व्यवहार नसतो. भिशीचंच घ्या. समजा भिशीचे महिन्याला 3000 रुपये, एक कामगार 4 दिवस गावी गेला, किती द्यायचे? दिवसाला 100, चार दिवसांचे 400 कापले, 2600. पुस्तकात हे उदाहरण इथे संपतं, खाली उत्तर. वर्गात ते इथे सुरू व्हायला हवं. ज्याच्या घरी भिशी आहे ती मुलगी म्हणणार, पहिल्या दिवशी सकाळचं जेवून तो रात्रीच्या गाडीने गेला असेल तर तो अर्धाच खाडा; म्हणजे 350 कापायचे. दुसरा म्हणणार, फेब्रुवारीत 28 दिवस असतात, तेव्हापण 3000च घेतात, मग दिवसाचे 100 कसे? आता वर्गाला 3000ला 28ने भागावं लागतं, 107 येतात आणि 4 उरतात, आणि त्या चार रुपयांचं काय करायचं यावर भांडण लागतं. भागाकारातली बाकी म्हणजे काय, सरासरी म्हणजे काय, उत्तर देण्याआधी ‘अमुक धरलं तर’ असं का म्हणायचं, हे सगळं त्या भांडणात येतं. निरीक्षणाला आलेल्या साहेबांना वाटेल, तास भरकटला. मला वाटतं, गणित इथेच सुरू झालं. शिवाय एक गोष्ट बघा: इथे ‘माहीतगार’ कोण, तर भिशीवालीची मुलगी. तिच्याकडे वर्ग तोंड करून बसला, एवढ्यानेही वर्गातला तोल बदलतो.

चर्चेच्या बाजूने लिहिणारे ज्या एका तासाचा दाखला सर्वांत जास्त देतात तो अमेरिकेतला, मिशिगन राज्यातल्या ईस्ट लान्सिंगमधला, जानेवारी 1990चा. तिसरीच्या वर्गाला डेबोरा बॉल गणित शिकवत. शाळेत परदेशी विद्यार्थ्यांच्या कुटुंबांतली पुष्कळ मुलं होती, निरनिराळ्या भाषा बोलणारी. त्या दिवशी शॉन नावाचा मुलगा उठून म्हणाला, सहा ही संख्या समही आहे आणि विषमही. का? तर सहा म्हणजे दोनचे तीन गट, आणि तीन विषम. आपल्याकडे पुढचं वाक्य ठरलेलं: ‘चूक. बस खाली. सहा सम आहे. पुढचा!’ बॉल यांनी त्याला थांबवलं नाही. वर्गातल्या मे नावाच्या मुलीने त्याचं म्हणणं नीट समजून घेतलं आणि मग त्याला पेचात धरलं: तसं असेल तर दहासुद्धा तशीच, पाच गट दोनांचे, मग काय सगळ्याच संख्या दोन्ही म्हणायच्या? शॉन मागे हटला नाही, म्हणाला, हो, दहापण. वर्गाने सम संख्येची व्याख्या पुन्हा उकरून काढली, आणि दोनांचे विषम गट असलेल्या 2, 6, 10, 14 अशा संख्यांना ‘शॉन संख्या’ असं नाव पडलं. पुढे मुलं त्यांच्यात आकृतिबंध शोधत बसली.

हा प्रसंग बॉल यांनी 1993च्या लेखात मांडला तेव्हापासून त्यावर वाद आहे. चुकीला नाव देऊन तिला प्रतिष्ठा दिली, मुलं गोंधळणार नाहीत का? आक्षेप पोकळ नाही. मला मात्र त्या प्रसंगात शॉनपेक्षा मे महत्त्वाची वाटते. तिने बाईंकडे तक्रार केली नाही, ‘पुस्तकात तसं नाही’ म्हणाली नाही. तिने त्याचाच नियम घेऊन तो पुढच्या संख्येवर चालवून दाखवला. आठ-नऊ वर्षांच्या मुलीने केलेलं हे गणिती खंडन आहे, आणि ते शिकवून येत नाही. समोर खरंखुरं चुकीचं किंवा अर्धंमुर्धं म्हणणं असावं लागतं, आणि ते बोलून दाखवायला वाव असावा लागतो. कर्तेपण म्हणजे ‘मला वाटतं’ असं म्हणायची सवलत एवढंच नव्हे. आपलं म्हणणं दुसऱ्याच्या तर्कापुढे टिकतं का हे बघायची तयारीही त्यात येते.

महाराष्ट्राला या वाटेची ओळखच नव्हती असं नाही. कोसबाडला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी मुलं गुरं चारतात तिथे जाऊन कुरणशाळा भरवली, तेही याच जुन्या ठाणे जिल्ह्यात. कोल्हापुरात लीलाताई पाटलांचं सृजन आनंद, फलटणला मॅक्सीन बर्नसन यांची प्रगत शिक्षण संस्था, पुण्यात अक्षरनंदन अशा शाळांत मुलांचं बोलणं हा शिकण्याचा भागच मानला गेला. पण या मोजक्या शाळा. सरकारी शाळांत मोठी लाट आली ती 2015च्या सुमाराला. सातारा तालुक्यातल्या कुमठे बीटमध्ये विस्तार अधिकारी प्रतिभा भराडे आणि तिथल्या शिक्षकांनी ज्ञानरचनावादी वर्ग उभे केले. ते बघायला राज्यभरातून शिक्षक गाड्या भरून गेले. 22 जून 2015 रोजी ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’चा शासन निर्णय निघाला. फरशीवर संख्याचौकटी रंगल्या, शंभर मण्यांच्या गणितमाळा वर्गात टांगल्या गेल्या, काड्यांचे गठ्ठे बांधले गेले. ती लाट ओसरल्यावर काय उरलं, याचा हिशोब प्रामाणिकपणे मांडायला हवा. साहित्य आलं ही मोठी गोष्ट झाली. मुलांचे हात गणितात गेले. पण जिथे नुसती नक्कल झाली तिथे माळ आली आणि प्रश्न जुनाच राहिला. ‘सत्तावीसावा मणी दाखव.’ दाखवला. ‘शाब्बास.’ ‘तुला कसं कळलं?’ हे कुणी विचारत नाही. एकेक करत मोजत गेलास, की दोन दशक सोडून सात पुढे गेलास, की तिसावरून तीन मागे आलास? त्या तीन वाटांत त्या मुलाचं सगळं संख्याज्ञान दिसतं, आणि ते शाब्बासकीखाली गाडलं जातं. मेरी बड रो या अमेरिकन संशोधिकेने सत्तरच्या दशकात मोजून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी सरासरी एक सेकंदही थांबत नाहीत. तीन सेकंद थांबले तर उत्तरं लांबतात, आणि एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागतात. साहित्यावर खर्च होतो. या तीन सेकंदांना खर्च नाही, तरी ते फार कमी वर्गांत मिळतात.

सत्तावीसचा विषय निघालाच आहे, तर 2019चा तो गदारोळ आठवतो. दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात नेहमीच्या संख्यानामांच्या बरोबरीने ‘वीस सात’ अशी वाचनाची रीत दिली गेली आणि प्रकरण थेट विधानसभेत गेलं. मंगला नारळीकर बालभारतीच्या गणित समितीच्या प्रमुख होत्या. मराठीत आपण सात आधी म्हणतो आणि दोन आधी लिहितो, त्यामुळे सत्तावीसचे बहात्तर होतात, जोडाक्षरांनी आणखी भर पडते, आणि दक्षिणेच्या भाषांत असं नाही, हे त्या शांतपणे सांगत होत्या. जुनी नावं काढलेलीच नव्हती. गंमत अशी की मराठी भाषेचं काय होणार यावर सगळा महाराष्ट्र बोलला, पण दुसरीच्या वर्गात हाच प्रश्न मुलांपुढे ठेवावा असं कुणाला सुचलं नाही. भिवंडीत तर तो मांडायला आयती सोय आहे. पद्मानगरातलं तेलुगू मूल ‘इरवै एडु’ म्हणतं, म्हणजे सरळ वीस सात. शेजारच्या उर्दू शाळेतलं ‘सत्ताईस’ म्हणतं. मराठी मूल ‘सत्तावीस’. तिघांनाही 27 असंच लिहावं लागतं. कुणाच्या बोलण्यात आकडे जसे लिहितो तसे ऐकू येतात? एकोणतीस हे तीसच्या जवळचं आहे हे कोणत्या नावावरून कळतं? आठ वर्षांच्या मुलांना झेपणारे, आणि खरोखर गणिताचे, हे प्रश्न आहेत. उर्दू वर्गात आणखी एक वळण: मजकूर उजवीकडून डावीकडे चालतो आणि त्याच ओळीतली संख्या डावीकडून उजवीकडे. मूल ही कसरत रोज करतं, आणि तिच्याविषयी एक वाक्य कुणी बोलत नाही.

भाषेचा हा प्रश्न इथल्या चर्चेची खरी खिंड आहे. मुलाने कारण द्यायचं तर कोणत्या भाषेत? दक्षिण आफ्रिकेत जिल अ‍ॅडलर यांनी बहुभाषक वर्गांचा अभ्यास केला. त्यांचं 2001चं पुस्तक या विषयात पायाभूत मानलं जातं. शिक्षकाची तिथली ओढाताण भिवंडीच्या शिक्षकाला पाठ असेल: घरच्या भाषेत बोलू दिलं तर मूल विचार करतं पण परीक्षेची भाषा मागे पडते, शाळेच्या भाषेचा आग्रह धरला तर मूल गप्प होतं, किंवा पाठ केलेलं वाक्य म्हणतं. माझ्या मते यात क्रम महत्त्वाचा. विचार चालू असताना भोजपुरी, कातकरी, आगरी, जी येईल ती. शेवटी सगळ्यांना पटलेलं म्हणणं फळ्यावर शाळेच्या भाषेत, मुलांच्याच मदतीने. ‘ऊ तो जादा हो गया’ हे वजाबाकीच्या अंदाजाचं पूर्ण वाजवी कारण आहे. आधी ‘शुद्ध बोल’ म्हटलं, तर ते कारण कायमचं आत जातं.

आता आक्षेपांकडे. पहिला शिक्षकांचाच: आधी पाया तर येऊ द्या, मग चर्चा. शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या 2024च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात तिसरीतल्या 33.7 टक्के मुलांना वजाबाकी आणि पाचवीतल्या 30.7 टक्के मुलांना भागाकार येतो. (असर ग्रामीण भागाचं असल्याने भिवंडी शहर त्यात मोजलंच जात नाही, एवढी मोठी कामगार वस्ती त्यातून सुटते.) अशा स्थितीत बोलत बसायला वेळ कुठला? याला जोड मिळते ती किर्शनर, स्वेलर आणि क्लार्क यांच्या 2006च्या लेखाची: नवशिक्याला मोकळं सोडून शोध लावायला सांगणं त्याच्या स्मरणशक्तीवर ओझं टाकणारं आहे, स्पष्ट मार्गदर्शनच उपयोगी. मला हा आक्षेप अर्धा मान्य आहे. पाढे पाठ असावेत, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. सात आठे छप्पन्न आठवत बसणारं मूल युक्तिवाद कधी करणार? पण पायाच कच्चा राहतो तो कशामुळे, हेही पाहा. 52 वजा 27 द्या. हमखास येणारं एक उत्तर 35: पाचातून दोन गेले तीन, सातातून दोन गेले पाच. मोठ्यातून लहान वजा करायचं हा नियम मुलाने इमानाने पाळलेला असतो. ‘हातचा घ्यायला विसरलास’ म्हणून लाल शेरा मारला तर ते पुढच्या वेळी हातचा घेईल, जिथे नको तिथेही. त्याऐवजी 35 आणि 25 ही दोन्ही उत्तरं फळ्यावर शेजारी लिहून, कोण कुणाचं हे न सांगता, ‘दोघंही बरोबर असतील का?’ विचारलं तर काय होतं? कुणी म्हणतं, 27 पासून 30पर्यंत तीन, 50पर्यंत वीस, आणखी दोन, झाले 25. कुणी म्हणतं, 52 मधून वीस काढले, 32, त्यातून सात काढले. आणि एखादी पोरगी 35 मध्ये 27 मिळवून बघते: 62. ‘पण आपल्याकडे 52च होते.’ 35वाल्याला त्याची चूक आता दिसली, कुणी दाखवावी लागली नाही. हे मोकळं सोडणं नव्हे. उदाहरण शिक्षकाने निवडलं, दोन उत्तरं त्याने शेजारी मांडली, प्रश्न त्याने विचारला. स्वेलर प्रभृतींचा रोख ज्या बेवारशी शोधाकडे आहे, तो हा नव्हे.

जपानी शिक्षक यात कसलेले आहेत. जेम्स स्टिगलर आणि जेम्स हीबर्ट यांनी 1999च्या पुस्तकात, जपान, जर्मनी आणि अमेरिकेतल्या तासांच्या चित्रफिती तुलनेला घेऊन, ते लोकांपुढे आणलं. तिथे मुलं कोणती उत्तरं, कोणत्या चुका करतील याचा अंदाज आधीच बांधलेला असतो. मुलं सोडवत असताना शिक्षक फिरून कोणती रीत आधी फळ्यावर घ्यायची आणि कोणती नंतर, हे ठरवतात. आणि फळा पुसत नाहीत. तासाच्या शेवटी फळ्यावर त्या दिवसाचा सगळा वाद डावीकडून उजवीकडे वाचता येतो. आपल्याकडे डस्टर फार चपळ. चुकीचं उत्तर तर लगेच पुसलं जातं, जणू कुणी बघायला नको.

दुसरा आक्षेप मला जास्त टोचतो: चर्चेत बोलतं कोण? प्रत्येक वर्गात चार-पाच जण असतात, बहुधा पुढच्या बाकावरचे, स्कॉलरशिपला बसवायचे, बोलायला घाबरत नाहीत. ‘चर्चा छान झाली’ म्हणजे कित्येकदा त्या पाचांशी शिक्षकाचं बोलणं झालं. दिवाळीनंतर भट्टीवर गेलेलं, जूनमध्ये परत आलेलं कातकरी मूल, मागे बसलेली घुमी मुलगी, नुकतं बिहारहून आलेलं पोर, यांच्यासाठी ही चर्चा आणखी एक अशी जागा होते जिथे इतरांना येतं आणि आपल्याला नाही. सगळ्या वर्गासमोर बोलण्याआधी शेजारच्याला सांगायला दोन मिनिटं देणं, आणि मग स्वतःची नव्हे तर शेजारणीची रीत सांगायला लावणं, ही युक्ती साधी आहे आणि बऱ्याच अंशी चालते. दुसऱ्याचं सांगायचं तर ऐकावं लागतं, आणि चुकलं तरी लाज आपली जात नाही. पण वर्षभर गैरहजर राहणाऱ्याला हाही उपाय पोचत नाही, हे मान्यच करायला हवं.

पदरात पडतं किती? इंग्लंडमध्ये रॉबिन अलेक्झांडर यांच्या संवादी अध्यापनाची मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 2017 साली आला. नऊ-दहा वर्षांच्या मुलांची इंग्रजी आणि विज्ञानात साधारण दोन महिन्यांची जादा प्रगती, गणितात एका महिन्याची. चर्चेने चमत्कार होतो असं सांगणाऱ्यांनी हा आकडा भिंतीवर लावावा, आणि चर्चेला वेळ घालवणं म्हणणाऱ्यांनीही. बोलण्यात घालवलेल्या वेळाने गणित मागे गेलं नाही, थोडं पुढेच गेलं.

कागदावर तर आपण या बाबतीत जगाच्या पुढे आहोत. 2005च्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्याच्या वेळी आर. रामानुजम यांच्या अध्यक्षतेखालच्या गणित गटाने एकच उत्तर आणि एकच रीत यांच्या जाचातून शाळेचं गणित सोडवायला सांगितलं होतं. 2009च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 29 मुलाला भयमुक्त ठेवून मोकळेपणी मत मांडायला मदत करावी असं म्हणतं, आणि शक्य तिथवर मातृभाषेतून शिकवायलाही सांगतं. 2021च्या ‘निपुण भारत’ने तिसरीपर्यंत पायाभूत अंकज्ञानाचं लक्ष्य 2026-27 असं बांधून दिलं. शिक्षकाच्या टेबलावर मात्र यातलं जे पोचतं ते लक्ष्य आणि चाचणी. चाचणीत ‘कसं केलंस’ला गुण नाहीत. द्विशिक्षकी शाळेत एक शिक्षक मीटिंगला किंवा मतदार याद्यांच्या कामाला गेला की उरलेल्याकडे चार इयत्ता. गंमत म्हणजे चार इयत्ता एकत्र बसलेल्या असताना चर्चा चांगली होऊ शकते, तिसरीची मुलगी पहिलीच्याला समजावते तेव्हा तिचं तिलाच जास्त कळतं. पण त्यासाठी बाईंना त्या खोलीत थांबता यायला हवं.

भिवंडीपुरतं बोलायचं तर मला एक जागा मोकळी दिसते. जिल्हा परिषदेच्या शाळांत केंद्रप्रमुख दर महिन्याला शिक्षण परिषद घेतात. त्यात बहुतेक वेळ परिपत्रकं, ऑनलाइन भरायच्या माहित्या आणि पुढच्या चाचणीच्या सूचना यांत जातो. त्यातला अर्धा तास एकाच उदाहरणाला द्यावा. 52 वजा 27 असो, भिशीचे खाडे असोत, की हजार विटांचा चट्टा. प्रत्येक शिक्षकाने आपल्या वर्गातल्या मुलांनी ते कसं सोडवलं आणि काय कारण सांगितलं, ते मुलांच्याच शब्दांत लिहून आणावं. महापालिकेच्या उर्दू, तेलुगू आणि मराठी शाळांनी असंच केलं आणि या वह्या एकत्र आल्या, तर भिवंडीतलं मूल वजाबाकीविषयी काय विचार करतं याचा पहिला दस्तऐवज तयार होईल. शॉन आणि मे आपल्याला आज माहीत आहेत ते डेबोरा बॉल यांनी वर्षभर वर्गाच्या ध्वनिफिती, चित्रफिती आणि मुलांच्या वह्या जपल्या म्हणून. भिवंडीच्या शिक्षकाकडे आज खिशात मोबाइल आहे. अडचण वेळेची आहे, आणि तो अर्धा तास कार्यक्रमपत्रिकेत घालणं केंद्रप्रमुखाच्या हातात आहे.